मोकळ्या अंतराचा हिशेब

बँकेत पस्तीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाच्या कानाला ‘क्लिअरिंग’ हा शब्द इतका सवयीचा होतो की, तो परका आहे हेही त्याच्या लक्षात राहत नाही. दुसऱ्या बँकेवरचा धनादेश आमच्या काउंटरवर भरला गेला की, खातेदाराच्या मनात ते पैसे त्याच क्षणी जमा झालेले असत. आमच्या लेखी मात्र तो धनादेश क्लिअरिंग हाउसमध्ये जाऊन, ज्या बँकेवर तो काढला आहे तिने तो स्वीकारेपर्यंत ती रक्कम केवळ कागदावरची होती. कागदावर दिसणारी गोष्ट आणि प्रत्यक्ष हाती येणारी गोष्ट यांच्यामध्ये काहीतरी अंतर असते, ते ओळखणे हा आमच्या कामाचा मोठा भाग होता.

निवृत्तीनंतर याच शब्दाचे एक भावंड मला संगणकाच्या पेटीत भेटले. त्याचे नाव ‘क्लिअरन्स’. दोन वस्तूंच्या मध्ये, अथवा वस्तू आणि तिला सामावून घेणारी भिंत यांच्या मध्ये, जे मोकळे अंतर उरावे लागते ते म्हणजे क्लिअरन्स. ही कल्पना आपल्याला नवीन नाही. पावसाळ्यात लाकूड फुगते म्हणून सुतार दार आणि चौकट यांमध्ये फट ठेवतो. रूळ उन्हात वाढतात म्हणून रेल्वेमार्गात सांध्याच्या ठिकाणी जागा सोडलेली आपण पाहिलेली असते. संगणकाच्या मदरबोर्डावर भाग बसवताना हेच तत्त्व मिलिमीटरच्या हिशेबात पाळावे लागते.

कौटुंबिक मासिकात हा विषय कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. पण आज घरोघरी कोणी आर्किटेक्चर शिकते आहे, कोणी ॲनिमेशन, कोणी अभियांत्रिकी. तयार संगणकापेक्षा सुटे भाग आणून ‘असेंबल’ करून घेतलेला संगणक त्याच पैशांत अधिक समर्थ मिळू शकतो, अशी चर्चा जेवणाच्या पंगतीत होते. त्यासाठी लागणारी रक्कम बहुधा कुणाच्या तरी सावकाश साठवलेल्या बचतीतून येते. म्हणून हा विषय यंत्राचा आहे तितकाच घराचाही आहे.

आमच्या घरी हा प्रसंग दोन वर्षांपूर्वी आला. माझी पुतणी कोल्हापुरात आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिच्या जुन्या लॅपटॉपवर इमारतीचे एक चित्र तयार व्हायला रात्र सरत असे आणि पहाटे पाहावे तर ते अर्ध्यावरच थांबलेले असे. माझे थोरले बंधू जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. त्यांच्या पश्चात वहिनींनी ज्या काही ठेवी केल्या होत्या, त्यांपैकी ९०,००० रुपयांची एक ठेव मुदतीपूर्वी मोडायचे त्यांनी ठरवले. व्याजात घट येणार हे मी सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “भावजी, मला यातलं काही कळत नाही. पण हे पैसे पुन्हा उभे राहायचे नाहीत, एवढं ध्यानात ठेवून काय ते बघा.”

पुतणीने मैत्रिणींना विचारून भागांची यादी तयार केली होती. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, कूलर, ग्राफिक्स कार्ड, साठवणुकीसाठी एसएसडी, वीजपुरवठ्याचा एसएमपीएस आणि हे सारे ज्यात बसवायचे ते कॅबिनेट, असे आठ भाग. प्रत्येक भाग चांगल्या कंपनीचा, प्रत्येकाची वाखाणणी झालेली. ती यादी घेऊन आम्ही दुकानात चौकशीला गेलो, तेव्हा दुकानदाराने एक गोष्ट स्पष्ट केली. खोके एकदा उघडले की माल परत घेतला जाणार नाही. दोष निघाला तर कंपनीची वॉरंटी आहे. मी विचारले, “आणि बसला नाही तर?” तो हसून म्हणाला, “साहेब, बसत नाही हा काही मालातला दोष नव्हे.”

त्याचे म्हणणे रास्त होते. ते ऐकून मला कर्जविभागातले दिवस आठवले. कर्जाच्या प्रस्तावातील प्रत्येक कागद स्वतःपुरता निर्दोष असे. ताळेबंद बरोबर, साठ्याचे पत्रक बरोबर, विक्रीकराचे विवरण बरोबर. पण तेच कागद एकमेकांशेजारी ठेवून वाचले की विसंगती दिसू लागे. संगणकाच्या यादीचेही तसेच होते. तिचे परीक्षण भागागणिक करून चालणार नव्हते. दोन भागांच्या मधल्या जागेत डोकवावे लागणार होते.

दुकानातून परतल्यावर आम्ही दोघांनी एक मोठा ताव घेतला आणि त्यावर रकाने आखले. पहिल्या रकान्यात भाग, दुसऱ्यात त्याचे माप, तिसऱ्यात त्याला उपलब्ध असलेली जागा आणि चौथ्यात उरणारे अंतर. कंपन्या ही मापे आपल्या माहितीपत्रकात मिलिमीटरमध्ये देतात. ती शोधून भरण्याचे काम पुतणीने केले, वजाबाकी मी केली.

सुरुवात मदरबोर्डापासून. संगणकाचे बाकीचे सर्व भाग ज्या फलकावर अथवा ज्या फलकाला जोडले जातात तो हा मदरबोर्ड. त्याचे आकार ठरलेले आहेत. १९९५ साली इंटेलने आणलेल्या ‘एटीएक्स’ या मानकानुसार पूर्ण आकाराचा फलक ३०५ × २४४ मिलिमीटरचा असतो. त्याहून आखूड ‘मायक्रो एटीएक्स’ २४४ × २४४ चा आणि त्याहूनही लहान ‘मिनी आयटीएक्स’ १७० × १७० चा. मोठ्या कॅबिनेटमध्ये लहान फलक सहसा बसतो, उलट मात्र होत नाही. आमचा फलक मायक्रो एटीएक्स होता व कॅबिनेट पूर्ण आकाराचे, त्यामुळे ही ओळ लगेच निकाली निघाली.

फलक कॅबिनेटच्या पत्र्यावर थेट टेकवत नाहीत. पितळेच्या लहान खुंट्यांवर, ज्यांना स्टँडऑफ म्हणतात, तो पत्र्यापासून सुमारे सहा मिलिमीटर वर उचलून धरलेला असतो. फलकाच्या पाठीमागे डाग दिलेली असंख्य टोके उघडी असतात आणि पत्रा तर विजेचा वाहक. खुंट्या नेमक्या फलकाच्या भोकांखालीच हव्यात. मोठ्या फलकासाठी लावलेली एखादी खुंटी लहान फलक बसवताना तशीच राहिली, तर ती पाठीमागच्या टोकांना टेकून शॉर्टसर्किट होऊ शकते. माझ्या एका परिचितांकडे जोडणाऱ्याकडून नेमके हेच झाले होते. संगणक सुरूच होईना, आणि चार दिवस सर्व दोष एसएमपीएसच्या माथी मारला जात होता. बारा-पंधरा रुपयांची एक खुंटी काढल्यावर यंत्र चालू झाले. त्यांचे नशीब थोर म्हणून फलक वाचला.

खरी अडचण पुढच्या ओळीत दिसली. प्रोसेसर तापतो म्हणून त्याच्या डोक्यावर कूलर बसवतात. हल्ली मनोऱ्यासारखे उंच कूलर वापरात आहेत. धातूच्या पातळ पात्यांचा मनोरा आणि त्याच्या अंगाला बांधलेला १२० मिलिमीटरचा पंखा, अशी त्याची रचना असते. आमच्या यादीतील कूलरची उंची १५५ मिलिमीटर होती आणि कॅबिनेटची मर्यादा १६०. पाच मिलिमीटर शिल्लक, म्हणजे ठीक. पण प्रोसेसरच्या शेजारीच रॅमच्या खाचा असतात, आणि मनोऱ्याचा पंखा त्यांच्या डोक्यावर छज्ज्यासारखा पुढे येतो. या छज्ज्याखाली ३७ मिलिमीटर उंचीपर्यंतची रॅम चालेल, असे माहितीपत्रकात छापले होते. साधी रॅमची पट्टी सुमारे ३१ मिलिमीटर उंच असते. पुतणीने निवडलेली पट्टी मात्र ४४ मिलिमीटरची होती. तिच्यावर धातूचे नक्षीदार आवरण होते आणि माथ्यावर रंगीत दिव्यांची ओळ.

पुतणी म्हणाली, “काका, चार खाचांपैकी पहिली आपण रिकामीच ठेवणार आहोत.” तिचे म्हणणे बरोबर होते. दोन पट्ट्या असतील तर प्रोसेसरकडून मोजता त्या बहुतेक फलकांवर दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवतात. आम्ही आकृती पुन्हा पाहिली. पंख्याची जाडी २५ मिलिमीटर, आणि तो पहिली खाच ओलांडून दुसऱ्या खाचेवरही येत होता. मग तिने दुसरा उपाय सुचवला. पंखा तारेच्या कड्यांनी अडकवलेला असतो, तो थोडा वर सरकवता येतो. सात मिलिमीटर वर घेतला की पट्टी बसली. मी काही न बोलता कूलरच्या ओळीवर बोट ठेवले. तिने बेरीज केली. १५५ अधिक ७, म्हणजे १६२. कॅबिनेटची मर्यादा १६०. रॅम बसली असती, पण काचेचे दार बंद झाले नसते.

हा क्षण मला महत्त्वाचा वाटतो. एका ठिकाणची अडचण दूर केली तेव्हा ती नाहीशी झाली नव्हती, दुसऱ्या ठिकाणी सरकली होती. एका खात्याची थकबाकी दुसऱ्या खात्यातून उचल करून भरणारे खातेदार मी नोकरीत पुष्कळ पाहिले. त्यांच्या पासबुकात त्या दिवसापुरते सर्व सुरळीत दिसे. म्हणून मोजताना भाग जोडीजोडीने न पाहता सलग पाहावेत. रॅम, पंखा, मनोरा आणि दार ही एकच साखळी आहे.

दिव्यांची रॅम तिला मनापासून हवी होती. विसाव्या वर्षी अशी हौस असणे गैर नाही, आणि तिने चार वर्षांत फारशा हौशी केल्या नव्हत्या हे मला ठाऊक होते. निर्णय सांगण्याचा मोह मला झाला. बंधू गेल्यापासून काका, मामा, आत्या असे आम्ही सारे तिच्या घरातली रिकामी जागा भरायला धावत होतो. हेतू प्रेमाचाच, पण प्रत्येक बाबतीत कुणी ना कुणी वडीलधारा आधीच उत्तर देऊन ठेवलेला असे. तिला विचार करायला, चुकायला, स्वतः ठरवायला मोकळी जागा कुठे होती? मी तिला एवढेच म्हटले, “माप तुझ्यासमोर आहे. पैसे तुझ्या आईचे आहेत. काय ते तू ठरव, सकाळी सांग.” सकाळी तिने दिव्यांच्या रॅमवर रेघ मारून ३१ मिलिमीटरची साधी पट्टी लिहिली होती. वेग आणि क्षमता तीच, किंमत १,२०० रुपयांनी कमी.

दुसरी अडचण ग्राफिक्स कार्डाची. इमारतींची चित्रे रंगवण्याचे जड काम हे कार्ड करते. यादीतले कार्ड तीन पंख्यांचे, ३०४ मिलिमीटर लांबीचे होते. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात ३१० पर्यंतचे कार्ड चालेल असे छापलेले. कागदावर सहा मिलिमीटर शिल्लक राहत होते. परंतु ते ३१० कोठून कोठपर्यंत मोजले आहे, हे त्यात स्पष्ट नव्हते. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला आतून हवा खेचणारे पंखे असतात, आणि तेही २५ मिलिमीटर जाडीचे. मोजमाप पुढच्या पत्र्यापर्यंतचे असेल, तर पंखे वजा जाता २८५ उरतात.

याचा निकाल लावण्यासाठी वहिनींच्या साडीच्या जाड पुठ्ठ्याच्या खोक्यातून आम्ही कार्डाच्या मापाचा एक ठोकळा कापला, चिकटपट्टीने सांधला आणि दुकानात नेला. तेच कॅबिनेट तेथे नमुन्यासाठी उघडून ठेवले होते. दुकानातील मुले आमच्याकडे कौतुकाने पाहत होती, की करमणुकीने, ते सांगता येत नाही. ठोकळा आत सरकवला आणि तो पुढच्या पंख्यावर जाऊन अडला. शंका उरली नाही. त्याच चिपचे दोन पंख्यांचे, २४५ मिलिमीटरचे कार्ड त्याच दुकानात उपलब्ध होते. चिप एकच असली तरी निरनिराळे उत्पादक ती वेगवेगळ्या लांबीच्या कार्डांवर बसवतात, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही.

लांबी जुळली म्हणजे कार्ड जुळले असे नव्हे. त्याची जाडीही पाहावी लागते. फलकावरील कार्डांच्या खाचा एकमेकींपासून सुमारे २० मिलिमीटर अंतरावर असतात. अडीच खाचांच्या जाडीचे कार्ड आपल्या खालच्या दोन जागा व्यापून टाकते, मग तेथे दुसरे काही बसवता येत नाही. शिवाय कार्डाला वीज देणारी तार बहुधा त्याच्या दाराकडील कडेला जोडली जाते, आणि ती तेथून बाहेर येऊन वळायला जागा हवी. विशेषतः अलीकडच्या १६ पिनांच्या जोडणीची तार जोडापासून सुमारे ३५ मिलिमीटर सरळ राहून मगच वळावी, असे सांगितले जाते. दाराच्या काचेने ती दाबली गेली तर जोड सैल होऊन तापण्याची भीती असते. आमच्या कार्डाची जोडणी जुन्या ८ पिनांची होती, तरी काचेपर्यंतचे अंतर आम्ही मोजून घेतले.

एसएसडीची पट्टी २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. ती फलकावर आडवी निजते, म्हणून तिला जागेचा प्रश्न नाही असे वाटते. पण तिची पहिली जागा बहुधा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्या मध्ये असते. तिच्यावर उष्णता शोषणारा वेगळा उंच ठोकळा लावला, तर तो एकीकडे कूलरला अथवा दुसरीकडे कार्डाला भिडू शकतो. फलकासोबत आलेली चपटी पट्टी आम्हाला पुरेशी होती. एसएमपीएसची रुंदी व उंची ठरलेली असते, १५० × ८६ मिलिमीटर. खोली मात्र १४० पासून पुढे बदलते, आणि तिच्या मागून तारांचा जुडगा निघतो. त्या जुडग्यालाही वळायला जागा धरावी.

आता मार्जिनविषयी. एक लाखाच्या मालावर बँक एक लाख रुपये उचलू देत नाही. पंचवीस टक्के बाजूला ठेवून पंचाहत्तर हजारांची उचल मंजूर करते. व्यापाऱ्याला त्या वेळी ते जाचक वाटते. भाव पडले की त्याचे मोल कळते. आम्ही नियम केला की, उरणारे अंतर पाच मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ती ओळ मंजूर करायची नाही. कारण छापील मापात थोडे कमीअधिक असते, तारा जागा घेतात, आणि बसवणाऱ्या माणसाच्या बोटांनाही जागा लागते. प्रोसेसरला वीज देणारी तार फलकाच्या अगदी वरच्या कोपऱ्यात जोडावी लागते. मोठा कूलर बसल्यावर तेथे हात पोहोचणे कठीण. म्हणून ती तार कॅबिनेटच्या मागून ओढून आधी कोपऱ्यात आणून ठेवायची, असा क्रमही आम्ही कागदावर लिहिला.

एक अंतर मात्र माहितीपत्रकात नसते. ते कॅबिनेट आणि घर यांच्यामधले. आत कितीही पंखे असले, तरी पेटी भिंतीला चिकटवून अथवा टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवली तर गरम हवा तेथेच घुटमळते. आमच्याकडे उन्हाळा कडक आणि धूळही पुष्कळ. पेटी जमिनीवर न ठेवता पाटावर ठेवली, मागे वीतभर जागा सोडली, आणि जाळी महिन्यातून एकदा पुसण्याचे काम वहिनींनी आपणहून स्वीकारले.

जोडणीचे काम पुतणीने दोन मैत्रिणींना सोबत घेऊन एका रविवारी केले. मी खुर्चीत बसून तक्त्यातील ओळी वाचत होतो. एक भाग बसला की ती “हं” म्हणे आणि मी त्यापुढे खूण करी. दुपारी दीडच्या सुमारास काचेचे दार कोठेही न अडता बंद झाले. एकूण खर्च ८४,६०० रुपये आला. उरलेले ५,४०० रुपये वहिनींनी बचत खात्यात भरले आणि त्याची पावती माझ्यासमोर धरून म्हणाल्या, “बघा भावजी, तुमच्या बँकेचं परत तुमच्या बँकेत.”

आपल्या घरी असा बेत चालला असेल, तर खरेदीपूर्वी एका कागदावर एवढे अवश्य मांडावे: फलकाचा आकार आणि खुंट्यांच्या जागा, कूलरची उंची आणि दारापर्यंतचे अंतर, पंख्याखालची जागा आणि रॅमची उंची, कार्डाची लांबी, जाडी आणि पुढच्या पंख्यांपर्यंतचे अंतर, एसएमपीएसची खोली आणि तारांचे वळण. माहितीपत्रकातील आकडा कोठून मोजला आहे याची शंका आली, तर पुठ्ठ्याचा ठोकळा करून पाहावा. त्यासाठी संगणकतज्ज्ञ असण्याची गरज नाही. मोजपट्टी, वजाबाकी आणि घाई न करण्याची तयारी पुरे. आणि तो कागद भरण्याचे काम ज्या मुलासाठी वा मुलीसाठी संगणक घ्यायचा आहे, त्यांच्याकडेच सोपवावे.

पुतणी आता शेवटच्या वर्षाला आहे. वर्गातील कोणी नवा संगणक जोडायला निघाले की तिच्याकडे येते. तिने आमच्या तक्त्याची नवी प्रत केली आहे, आणि तिच्यात माझ्या चार रकान्यांपुढे स्वतःचा पाचवा रकाना वाढवला आहे: ‘हे पैसे कोणाचे?’